मारबतीच्या सकाळी घेतलेलं नाव

गेल्या आठवड्यात इतवारीच्या बाजारात पळसाच्या डहाळ्या आल्या. खेड्यावरच्या बाया पहिल्या गाडीने भारे घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला ओल्या पोत्यांवर मांडून बसतात. पोळा जवळ आला हे कळायला मला कॅलेंडर लागत नाही. पळसाचं पान तोडलं की एक तुरट, ओलसर वास सुटतो. तो आला की मी पदर नाकाला लावते. ‘घ्या नं मास्तरीणबाई, दोन डहाळ्या घ्या, दाराले लागतेच,’ ओळखीची बाई म्हणाली. मी तिच्या अंगावर खेकसले. तिचा काही दोष नव्हता. त्या बिचारीने डहाळ्या पोत्यावर परत ठेवल्या आणि मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

आमच्याकडची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या लावतात. त्यांना मेढे म्हणतात. रात्रभर घरातली सगळी पीडा त्या पानांत गोळा होते म्हणे. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळीच घरातला मुलगा त्या उपटतो, खांद्यावर घेतो आणि गल्लीबाहेर नेऊन टाकतो. त्याच्या मागे घरची माणसं दारात उभी राहून ओरडतात, ‘खासी-खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत.’ ज्याला जे नको असेल त्याने त्याचं नाव घ्यायचं. मग दिवस वर आला की काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात, कागदाच्या आणि बांबूच्या, दोन माणसं उंच. अख्खं शहर त्यांच्यामागे तेच ओरडत धावतं आणि शेवटी त्यांना जाळून टाकतं.

बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, काय मजेशीर सण आहे. मजा आहे, नाही कशाला म्हणू. पण जवळून बघा. माणसांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या असतात. डफडी बडवून बडवून हातांना फोड येतात. पावसाची उघडीप असली तर भादव्याचं ते ऊन टाळू फोडतं, आणि पाऊस असला तर चिखलात चपला, टोप्या, माणसंसुद्धा तुडवली जातात. जाळताना लोक आनंदाने बघत नाहीत, दात आवळून बघतात. वर्षभर ज्याला हात लावता आला नाही अशा प्रत्येक गोष्टीला तिथे मारून घेतात. मी हे सगळं इतकं ओळखते कारण माझा स्वभावही तसाच आहे. राग माझ्या जिभेवर असतो आणि हात जिभेच्या मागोमाग येतो.

गुलाब माझा एकुलता एक मुलगा. माझ्या वडिलांचं नाव गुलाबराव, तेच त्याला दिलं. जन्माला आला तेव्हा सुईण म्हणाली होती, ‘मुठी पाह्य वं याच्या. उघडतच नाही.’ आम्ही हसलो. आंघोळीला घातलं की तो मुठी आवळूनच रडायचा, आणि मी एकेक बोट उलगडून त्यातला मळ काढायची. पुढे चोवीस वर्षांनी ते काम मला पुन्हा एकदा करावं लागलं, आणि तेव्हा बोटांत सिमेंट होतं. पण ते नंतर.

पाडव्याच्या संध्याकाळी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं रांगेत उभी राहतात. गुलाब सात वर्षांचा असताना त्याने त्याच रांगेत शेजारच्या पोराच्या बैलाचं शिंग मोडलं आणि ते त्या पोराच्या गालात खुपसलं. रक्त आलं. ते पोर म्हणालं होतं, ‘तुह्या मायले तुहा बाप मारते, आमाले ऐकू येते.’ हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी काहीच विचारलं नाही. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, आणि तो माझ्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याला उभं केलं आणि निंबाच्या छडीने दोन्ही तळहातांवर दहा-दहा छड्या मारल्या. माझ्या पोराला मी सोडत नाही हे गावाला दिसायला हवं होतं. तो रडला नाही. जागेवर जाऊन बसला आणि पाटीवर पाढा लिहू लागला. पेन्सिल धरता येत नव्हती, तरी लिहीत होता.

त्याचे वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. शंभर साचे एका छपराखाली धडधडतात तिथे आठ तास उभं राहिलेल्या माणसाचे कान चाळिशीतच जातात. घरी आले तरी ते ओरडूनच बोलायचे. आपण हळू बोललो तर त्यांना वाटायचं, ही माझ्याबद्दल काहीतरी पुटपुटते आहे. त्यावरून निम्मी भांडणं. साच्याच्या जुन्या चामडी पट्ट्याचा दोन हात लांब तुकडा त्यांनी घरी आणला होता, वस्तऱ्याला धार लावायला. तो खिळ्याला टांगलेला असे. त्याने काय काय केलं हे सगळं लिहीत बसत नाही. एवढंच सांगते, ते दारू पीत नसत. लोकांना वाटतं, मारणारा नवरा म्हणजे दारुडाच. तेवढं सोपं असतं तर मी बाटली फोडली असती. ते शुद्धीत असत, आंघोळ केलेली असे, कपाळाला गंधही असे.

मी पगार आणायची, शाळेत माझा दरारा होता, इन्स्पेक्टर साहेबाशी मी तोंड वर करून बोलायची. आणि घरी मार खायची. दोन्ही बाया मीच. कुणी विचारलं की कसं जमतं, तर मला सांगता येणार नाही. सवय झाली, एवढंच.

गुलाब मोठा झाला तशी त्याची मारामारी गल्लीबाहेर गेली. कुणाच्या तरी नाकाचं हाड मोडून यायचा, कुणाकडून तरी भुवई फोडून घेऊन यायचा. मी हळद भरताना शिव्या द्यायची आणि तो हसायचा. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, म्हणून हसताना वरचा ओठ खाली ओढून घ्यायची त्याची एक लकब होती. अंगात भलती ताकद. चैत्र लागला की गल्लीतल्या निम्म्या घरांच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या तोच बसवून द्यायचा, मोबदल्यात कैरीचं पन्हं. म्हाताऱ्या बायांच्या पाण्याच्या घागरी दोन-दोन एकदम उचलून आणायचा. बाहेर तो कुणाच्या तरी थोबाडात देऊन येतो आणि घरात बापासमोर मान खाली घालून जेवतो, हे मी रोज बघत होते. घरात जे गिळायचं तेच तो बाहेर जाऊन ओकतो, इतकं साधं मला दिसलं नाही. शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांच्या आयांना असलं ज्ञान देत असे.

मॅट्रिकला तो तीनदा नापास झाला. मास्तरणीचा मुलगा. तिसऱ्या वेळचा निकाल हातात घेऊन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तेच लाटणं उचललं. त्याच्या पाठीवर, दंडावर, जिथे बसेल तिथे. तो माझ्याहून हातभर उंच झालेला होता. मनगट धरलं असतं तर मी जागची हलले नसते. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. मी थकून खाली बसले तेव्हा म्हणाला, ‘झालं का, माय? हात दुखला असन तुहा. आन इकडं, चोळून देतो.’ त्याने खरंच माझं मनगट चोळून दिलं. मला तेव्हा त्याचा आणखीच राग आला होता.

मग अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात तो हमालीला लागला. ट्रकमधली पोती उतरवायची आणि गोदामात थप्पी लावायची. सकाळी सायकलने जायचा, संध्याकाळी मानेपर्यंत धूळ घेऊन यायचा. कधी गव्हाची, कधी खताची, कधी सिमेंटची. मी शाळेत सांगायची, ट्रान्सपोर्टमध्ये आहे. हमाल म्हणायला माझी जीभ वळत नसे. तो मात्र खुशाल असायचा. ‘माय, थप्पी लावनं म्हनजे तुह्या शाळेतलं गनित हाय. एक आडवं, एक उभं. चुकलं का पडते,’ असं एकदा जेवताना सांगत होता. त्याला गणित येत होतं हे मला तेव्हा कळलं, आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षीचा पोळा. दुपारभर पाऊस, संध्याकाळी उघडीप. बैलांची मिरवणूक बघून लोक परतले होते, गल्लीत घराघरातून पुरणाचा वास येत होता. दाराला डहाळ्या लागल्या होत्या. मी चुलीपाशी वडे तळत होते. गुलाब अंगणात पाय धूत होता. हे आत जेवायला बसले. काहीतरी म्हणाले, मी पाठमोरी होते, मला तेलाच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून मी उत्तर दिलं नाही. म्हणजे कान त्यांचे गेले होते आणि ऐकू आलं नाही मला. ताट भिंतीवर जाऊन आपटलं. पुरण भिंतीवरून खाली घसरायला लागलं. मग खिळ्यावरचा पट्टा.

तिसरा की चौथा फटका बसत होता तेव्हा गुलाब ओल्या पायांनी आत आला. चोवीस वर्षांत तो कधी मध्ये पडला नव्हता. त्याने वरच्यावर पट्टा धरला, हाताभोवती दोन वेढे घेतले आणि ओढला. त्यांनी मूठ सोडली नाही, ते पट्ट्यासकट ओढले गेले, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि कपाळ उंबऱ्यावर आदळलं. कपाळाचं रक्त फार येतं. डोळा भरला, धोतर भरलं. गुलाब तसाच उभा होता, पट्टा हाताला गुंडाळलेला. माझ्याकडे बघत होता. काहीतरी म्हणेल ही, असं त्याला वाटत असणार.

मी कढईतला झारा काढला आणि त्याच्या उघड्या खांद्यावर मारला. तापलेल्या तेलातला झारा. कातडी चर्र झाली, तो वास अजून माझ्या नाकात आहे. ‘बापावर हात टाकतो?’ मी ओरडले. ‘बापावर?’

मला वाचवायला आला होता तो. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की घराच्या धन्याचं रक्त सांडलं आहे, खिडकीशी शेजारणी उभ्या आहेत, उद्या शाळेत सगळ्यांच्या तोंडी होईल की मास्तरणीच्या पोराने बापाला लोळवलं. मार खाणं मला येत होतं, त्याची रीत माहीत होती, रडायचं किती, लपवायचं काय, सगळं माहीत होतं. कुणीतरी मधे पडल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी पाडवा. हे कपाळाला पट्टी बांधून आतल्या खोलीत होते. गल्ली जागी झाली होती, डफडं वाजायला लागलं होतं. रीतीप्रमाणे गुलाबने उठून दाराच्या डहाळ्या उपटल्या. खांद्याला भाजलं होतं म्हणून दुसऱ्या खांद्यावर घेतल्या. बाया आपापल्या दारांत उभ्या राहून ओरडत होत्या, हसत होत्या. कुणी ढेकूण घालवत होती, कुणी राशनच्या दुकानाची रांग. समोरची सीताबाई दरवर्षीप्रमाणे सासूचं नाव घेत होती आणि सासू तिच्याच बाजूला उभी राहून खो खो हसत होती.

मी दारात आले. गुलाब चार पावलं पुढे गेला होता. माझ्या तोंडून निघालं, ‘बापावर हात टाकनाऱ्या पोराले घेऊन जा गे मारबत. गुलाबले घेऊन जा गे मारबत.’

एकदा नव्हे. तीनदा. वर्गात हजेरी घेताना लावते तसल्या खणखणीत आवाजात. सीताबाईला वाटलं मी थट्टा करते आहे, ती टाळी वाजवून हसली. गुलाब थांबला, मागे वळला. रागावलेला नव्हता. वरचा ओठ खाली ओढून घेतला त्याने, हसताना घ्यायचा तसा. ‘जातो नं, माय,’ तो म्हणाला. ‘ओरडून काहून राहिली? जातो.’ आणि डहाळ्या घेऊन गेला. गल्लीच्या टोकाला सगळी मुलं डहाळ्या टाकून परत फिरली. त्याने टाकल्या आणि तो पुढेच गेला.

वाडीलाच एका चाळीत त्याने खोली घेतली. कपडे न्यायलाही आला नाही. मी निरोप पाठवला नाही. बापाच्या पाया पडायला येईल तेव्हा बघू, असं माझं चाललं होतं. दसऱ्याला वाटलं येईल, संक्रांतीला वाटलं येईल. तिळाचे लाडू डब्यात ठेवले ते मुंग्यांनी खाल्ले.

माघात एकदा तो शाळेत आला. मी चौथीला सतराचा पाढा घेत होते. खिडकीतून दिसला, आवारातल्या निंबाखाली उभा, सायकल झाडाला टेकवलेली. बारीक झाला होता, दाढी वाढली होती. माझ्याकडे बघून हात केला. मी बघितलं आणि नजर फळ्याकडे वळवली. उभा राहू दे जरा, म्हटलं. पोरांना शिक्षा म्हणून आम्ही वर्गाबाहेर उभं करतो, तसं मी त्याला उभं केलं. पाढा दोनदा म्हणून घेतला. मग लिहून घेतला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी पदर सारखा करत, चेहरा कडक करत बाहेर गेले. झाडाखाली कुणी नव्हतं. शिपाई म्हणाला, ‘बाई, तुमचा पोरगा आलता. पाहून पाहून गेला. गोदामात गाडी लागली हाय म्हने.’ त्या दिवशी तो काय सांगायला आला होता, हे मला आता कधीच कळणार नाही. मी सतराचा पाढा वर्गात घेणं सोडलं आहे. मुलं आपापली पाठ करतात.

चैत्रात, उन्हं तापायला लागली होती, तेव्हा दोन माणसं शाळेत आली. सिमेंटच्या पोत्यांची उंच थप्पी होती. खालच्या एका पोत्याला ओल लागून ते बसलं होतं, बाहेरून दिसत नव्हतं. गुलाब बाजूने चालला होता. तो त्या थप्पीला हातही लावत नव्हता, नुसता बाजूने चालला होता. पोती अंगावर आली. बाजूला सारायला सहा माणसं लागली.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी त्याला बघितलं. पापण्यांवर, भुवयांवर, ओठांवर राखाडी सिमेंट. छाती बसलेली. माझं काय झालं मला सांगता येत नाही. मी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. ‘ऊठ,’ म्हणाले. मग दुसरी. ‘ऊठ म्हनते नं.’ तिसऱ्या वेळी लोकांनी मला धरलं. मी धरणाऱ्यांनाही चावले. नंतर घरी आंघोळ घालताना मी कुणाला हात लावू दिला नाही. मुठी आवळलेल्या होत्या. एकेक बोट उलगडून मीच आतलं सिमेंट काढलं, पाण्याने ते घट्ट व्हायला लागलं होतं, नखाने खरवडावं लागलं. आणि खांद्यावर झाऱ्याचा डाग. भोकं भोकं उमटलेली. जखम भरली होती, डाग तेवढा राहिला होता. हे दारात बसून होते. त्यांनी तो डाग बघितला की नाही, मी विचारलं नाही.

कुणी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. चाकू मारला असता, गाडीखाली घातलं असतं. मी त्या माणसाच्या दारात जाऊन बसले असते, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, कोर्टात केस ओढली असती. माझ्यासारख्या बाईला दुःख झेपत नाही, राग झेपतो. पण राग करायचा कुणाचा? ओल लागलेल्या पोत्याचा? मग तो राग घरभर फिरला आणि शेवटी माझ्याच तोंडात येऊन बसला. तीनदा नाव घेतलं होतं. सात-आठ महिन्यांत गेला.

सीताबाईने मला फार समजावलं. ‘अवं बाई, मी माह्या सासूले चौदा वर्षं नेम धरून पाठवून राहिली,’ ती म्हणाली. ‘बुढी अजून चने फोडून खाते. मारबत जर असं ऐकत असती तं या गल्लीत एक सासू उरली नसती.’ त्या दिवसांतही मला क्षणभर हसू आलं. पटलं म्हणायचं तर पटलंही. मी शिकलेली बाई आहे. कागदाच्या बाहुलीला कान नसतात, हे मी पोरांना शिकवते. पण गुलाबला कान होते ना. मारबतीने नाही ऐकलं, त्याने ऐकलं. तो घरात असता तर त्या दुपारी कदाचित कामावर नसताही गेला. घरी काही काम काढून मी त्याला थांबवलंही असतं, मी नेहमी थांबवायची. माझ्या शब्दाने पोतं पडलं नाही. माझ्या शब्दाने तो त्या पोत्याच्या बाजूने चालत होता. यात फार फरक आहे असं मला कुणी पटवून द्यावं.

त्यानंतर आमच्या दाराला डहाळी लागली नाही. पट्टाही गेला. गुलाबच्या तेराव्याच्या दिवशी यांनी तो विळीवर धरून बारीक बारीक चिरला, भाजी चिरावी तसा, आणि चुलीत टाकला. चामडं जळाल्याचा घाण वास घरात आठवडाभर होता. त्यांनी पुन्हा माझ्यावर हात उगारला नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. आता मिलमधून सुटले आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर बसून असतात. कान जवळजवळ गेलेच. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहतो, चहा झाला, पाणी आलं, वीज गेली, एवढ्यावर दिवस जातो.

काल पाडवा होता. मी सकाळी खिडकी लावून घेतली होती, तरी डफड्याचा आवाज भिंतीतून येतोच. गल्लीतल्या बाया ओरडत होत्या, पोरं धावत होती. मी चहाचं पातेलं उतरवून चिमट्यात धरलं होतं. हे खाटेवरून अचानक म्हणाले, ‘त्या सकाळी मी चपला घालून बसलो होतो.’

मला कळलं नाही. त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, ‘कोणत्या सकाळी?’

‘गुलाब गेला त्या. डोक्याले पट्टी होती. सदरा घातला, चपला घातल्या आन् आतल्या खोलीत बसलो. तू दारात ओरडाले लागली तं मले वाटलं, आता माहं नाव घेते ही. घेतलं असतं तं मी निघनार होतो. गावाले बहिणीकडं. अख्ख्या गल्लीपुढं बायकोनं नाव घेतल्यावर मानूस घरात कसा राहीन?’

‘मग?’

‘मंग पोराचं नाव निघालं.’ ते आपल्या हातांकडे बघत होते. ‘मिलनं माहे कान नेले, पन ते साफ ऐकू आलं. तीन खेप.’

मी पातेलं धरून उभी होते. वाफ तोंडावर येत होती. रागावले की माझी शाळेतली भाषा जाते. ‘मंग बाहेर येऊन बोलले काहून नाही? माहं नाव घे म्हनाले काहून नाही?’

त्यांनी खाटेखालच्या चपला पायाने सारख्या केल्या. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, ‘मले बरं वाटलं. वाचलो, असं वाटलं. मी चपला काढून ठेवल्या.’

तो चहा मी त्यांच्या अंगावर ओतणार होते. खोटं कशाला सांगू, हात तिरपा झालाही होता. आठ वर्षं मी ज्याला शोधत होते तो माणूस समोर बसला होता, म्हातारा, बहिरा, बनियन घातलेला. आणि हात तिरपा झाला असताना मला ती सकाळ पूर्ण आठवली, जी मी कधी पूर्ण आठवू दिली नव्हती. तीनदा नाव घेतल्यावर, गुलाब गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाल्यावर, माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. मी आत येऊन चहा टाकला होता, साखर जास्त घालून. लहानपणापासून तो मला मार खाताना बघत आला होता. जेवताना, अभ्यास करताना, पाठ फिरवून झोपलेला असतानाही बघत होता. तू इथं काहून राहते, माय, हे त्याने एकदाही विचारलं नाही आणि रोज विचारलं. ते विचारणारे डोळे घरातून गेले होते.

मी पातेलं खाली ठेवलं.

‘मलेही बरं वाटलं होतं,’ मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. कानामागे हात धरून त्यांनी विचारलं, ‘काय म्हनली?’

मी पुन्हा सांगितलं. या वेळी ओरडून सांगावं लागलं, आणि बाहेरच्या बाया ओरडायच्या थांबल्या.